भर मे महिन्यात सीएनजीची नळी पांढरी का होते?

प्रश्न : मी कोल्हापुरात सीएनजीवर रिक्षा चालवतो. पंपावर गॅस भरताना नोझल आणि नळीचं तोंड कधी कधी पांढरं होतं, हात लावला तर झोंबेल इतकं गार असतं. तेही भर मे महिन्यात. माझी भाची कॅनडात कॅल्गरीला असते. तिथं उणे तीस अंशांतही सीएनजीच्या बस धावतात, असं ती सांगते. यावरून आमच्या स्टँडवर वाद चालू आहे. इथं उन्हाळ्यात नळी गोठते, तर तिकडे गॅस सिलेंडरमध्येच गोठून कसा बसत नाही? तिथले पंप वेगळे असतात का? आणि थंडीत गॅस जास्त बसतो, हे खरं आहे का?
— एक रिक्षाचालक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रात चार शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. नळी पांढरी का होते, गॅस गोठतो का, अतिथंड मुलखातला पंप कसा चालतो आणि थंडीत गॅस जास्त बसतो का. याच क्रमाने एकेक गाठ सोडवू. पहिलीचं उत्तर नीट कळलं की पुढच्या तिन्ही सोप्या होतात.

नळीवरचं पांढरं काय असतं?

तो थर गॅसचा नसतो. तो कोल्हापूरच्या हवेतल्या पाण्याचा असतो. हवेतली वाफ गार धातूला लागली की तिचं दव होतं, आणि धातू शून्य अंशाच्या खाली गेलेला असेल तर दवाऐवजी हिमाचे कण बसतात. म्हणून वळिवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात, हवा दमट असताना, हा थर अधिक दिसतो. हवा कोरडी असेल तर धातू तितकाच गार असूनही पांढरं फारसं दिसत नाही.

मग भर उन्हात धातू एवढा गार कशाने होतो? पंपाच्या मागे सिलेंडरांची जी रांग असते, जिला पंपावरची माणसं कॅस्केड म्हणतात, तिच्यात गॅस साधारण २५० बार दाबाने साठवलेला असतो. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या भोवतीच्या हवेचा दाब. म्हणजे कॅस्केडमधला दाब त्याच्या अडीचशे पट. तुमची रिक्षा रिकामी होऊन आली की तिच्या सिलेंडरात वीस-तीस बारच उरलेले असतात. अडीचशे बारचा गॅस अरुंद वाटेतून एकदम तिथे शिरतो आणि फैलावतो. फैलावताना त्याच्या रेणूंना एकमेकांच्या ओढीतून सुटून दूर जावं लागतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा बाहेरून मिळायला वेळच नसतो, त्यामुळे ती गॅसच्या स्वतःच्या उष्णतेतून खर्च होते आणि गॅस गार पडतो.

जेम्स ज्यूल आणि विल्यम थॉमसन यांनी १८५२च्या सुमारास हा परिणाम प्रयोगांनी दाखवला. म्हणून त्याला ज्यूल-थॉमसन परिणाम म्हणतात. नैसर्गिक वायूसाठी ढोबळ हिशेब असा, की दाब एक बारने उतरला की तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरतं. दाब फार जास्त असताना हे प्रमाण काहीसं कमी असतं. तरीही दोनशे बारचा उतार म्हटला तर मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा गॅस काही क्षण शून्याच्या पुष्कळ खाली जातो. रिक्षाचा सिलेंडर भरत जातो तसा दोन्हीकडच्या दाबातला फरक कमी होतो आणि नळीचा गारवाही ओसरतो. अर्धवट भरलेल्या सिलेंडरात गॅस घेताना नळी तितकी पांढरी होत नाही, याचं कारण हेच.

याच वेळी सिलेंडरच्या आत मात्र उलट गोष्ट घडत असते. मागून येणारा गॅस आधी शिरलेल्या गॅसला दाबतो आणि दाबला जाणारा वायू तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, तसंच हे. म्हणजे एकाच वेळी नोझल गार आणि सिलेंडर गरम अशी स्थिती असते. रिक्षावाल्यांची एक नेहमीची तक्रार यातून उलगडते. पंपावर काटा भरलेला दिसतो आणि दोन-चार किलोमीटर गेल्यावर, फारसा गॅस न जाळताही, तो थोडा खाली येतो. गॅस गळालेला नसतो. भरताना तापलेला गॅस निवला, म्हणून त्याचा दाब उतरला. पैशांचंही त्यात नुकसान नाही. आपल्याकडे सीएनजी किलोवर विकला जातो आणि पंपावरचं मीटर गॅसचं वस्तुमान मोजतं, दाब किंवा आकारमान नाही. जेवढे किलो सिलेंडरात गेले, तेवढ्याचेच पैसे.

गॅस स्वतः गोठतो का?

गोठत नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. साध्या हवेच्या दाबाला मिथेन द्रवरूप व्हायचा तर तापमान उणे १६१.५ अंश सेल्सियसपर्यंत उतरावं लागतं आणि गोठून घट्ट व्हायला उणे १८२.५ अंश. माणसांची कायमची वस्ती असलेल्या गावांमध्ये सर्वांत थंड मानली जाणारी सायबेरियातली वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन ही ठिकाणं घेतली, तर तिथली नीचांकी नोंद उणे ६८ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे मिथेनला द्रव होण्यासाठी त्याहूनही नव्वदेक अंश खाली जावं लागेल.

इथं कुणी म्हणेल, सिलेंडरमध्ये तर दोनशे बार दाब असतो, आणि दाबाने वायूचा द्रव होतो. शंका योग्य आहे. पण प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर असताना कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही. मिथेनसाठी ते उणे ८२.६ अंश आहे. अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. दाबाखालच्या मिथेनचा द्रव करू शकेल अशी थंडी निसर्गात पडते ती अशाच ठिकाणी. कॅल्गरीच्या उणे तीस अंशांत सीएनजी वायूच राहतो.

मग गॅस गोठण्याची समजूत आली कुठून? बहुधा एलपीजीवरून. कोल्हापुरात एलपीजीवरच्या रिक्षाही आहेत आणि घरोघरी स्वयंपाकाला एलपीजी आहे, त्यामुळे दोन्ही इंधनं आपण एकाच मापाने मोजतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ते सिलेंडरात द्रवरूपात असतं आणि वापरताना त्याची वाफ होते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशांना. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनची वाफच होत नाही आणि सिलेंडरात द्रव असूनही शेगडी पेटेनाशी होते. डिझेलची अडचण आणखी वेगळी. त्यातलं मेण थंडीत घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. सीएनजीला यांपैकी कुठलाही त्रास नाही. त्याच्यापुरतं बोलायचं तर थंडी ही अडचणच नव्हे. अडचण असते ती गॅसबरोबर आलेल्या ओलाव्याची आणि गॅस हाताळणाऱ्या यंत्रांची.

मग गोठतं ते काय?

पहिला गुन्हेगार म्हणजे पाणी. जमिनीखालच्या नळातून येणाऱ्या गॅसमध्ये थोडी पाण्याची वाफ असते. दाब उतरताना गॅस गार पडतो, हे वर पाहिलंच. त्या गारव्यात वाफेचं बर्फ होऊन ते व्हॉल्वच्या बारीक छिद्रात बसतं आणि गॅसची वाट अडवतं.

दुसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. मोठ्या दाबाखाली पाण्याचे रेणू मिथेनच्या रेणूंभोवती पिंजरे बांधतात आणि बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. तो व्हायला शून्य अंशाची गरज नसते. शंभर बार दाबाला मिथेनचं हायड्रेट बारा-तेरा अंश सेल्सियसलाही टिकतं, आणि एवढं तापमान कोल्हापुरात थंडीतल्या पहाटे असतंच. अमेरिकेत गॅसच्या नळवाहिन्या हिवाळ्यात तुंबत, त्याला साधा बर्फ कारण आहे असं बरीच वर्षं मानलं जाई. खरं कारण हायड्रेट आहे, हे हॅमरश्मिट या संशोधकाने १९३४ साली दाखवून दिलं. आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळाखाली, २००६च्या शोधमोहिमेत याच हायड्रेटचे साठे सापडले. समुद्राखाली जो पदार्थ उद्याचं इंधन म्हणून शोधला जातो, तोच पंपाच्या नळीत झाला तर पंप बंद पाडतो.

दोन्हींवर उपाय एकच : गॅस कोरडा करणं. पंपावर ड्रायर नावाचा एक उभा पिंप असतो. त्यात जिओलाइटचे बारीक मणी भरलेले असतात. मण्यांची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात, की पाण्याचे रेणू त्यांत अडकून पडतात आणि गॅस पुढे जातो. मणी ओलाव्याने भरले की त्यांना गरम करून पाणी उडवून लावतात आणि ते पुन्हा कामाला लागतात. मोठ्या केंद्रांवर असे दोन पिंप असतात. एक गॅस वाळवतो, तोवर दुसरा स्वतः वाळतो.

अतिथंड देशांतला पंप आणि आपला पंप यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक इथेच आहे. तिथे गॅस किती कोरडा हवा, हे त्या गावच्या नीचांकी तापमानावरून ठरतं. त्या गावात जेवढी थंडी पडते, त्याहूनही काही अंश खाली गेल्याशिवाय दाबाखालच्या गॅसमधलं पाणी सुटं होता कामा नये, असा दंडक असतो. ड्रायर नीट चालत असेल तर उणे तीस अंशांतही पंप चालतो. तो बिघडला तर कोल्हापुरातही नळीत हायड्रेट बसू शकतं.

अतिथंड मुलखातला पंप कसा बांधतात?

आता यंत्रांकडे वळू. गॅस वाळवला तरी यंत्रांना थंडी लागतेच आणि प्रत्येक भागाला ती वेगळ्या प्रकारे लागते.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून. नळातून आलेल्या गॅसचा दाब हा तीन-चार टप्प्यांत अडीचशे बारपर्यंत चढवतो. आपल्याकडे त्याची मुख्य चिंता उष्णतेची. दर टप्प्यानंतर तापलेला गॅस पंख्यांनी निववावा लागतो. थंड देशांत चिंता दुहेरी असते. रात्रभर बंद राहिलेल्या कॉम्प्रेसरमधलं वंगण तेल काकवीसारखं दाट होतं आणि तशा अवस्थेत यंत्र सुरू केलं तर सांधे कोरडेच घासतात. म्हणून तेलाच्या तळात विजेचा हीटर असतो, तो यंत्र बंद असतानाही तेल कोमट ठेवतो. उलट पंखे गॅसला गरजेपेक्षा जास्त गार करू नयेत, म्हणून त्यांच्यापुढे आपोआप मिटणाऱ्या झडपा बसवतात. गॅस फार गार झाला तर त्यातले इथेन-प्रोपेनसारखे जड घटक द्रवरूप होऊन कॉम्प्रेसरमध्ये शिरू शकतात. वायू दाबण्यासाठी केलेल्या यंत्रात द्रव शिरला तर त्याचे व्हॉल्व फुटतात.

दुसरा भाग रबराचा. नोझल, व्हॉल्व आणि जोडांमध्ये ज्या ओ-रिंग असतात, त्या दाबाखाली थोड्या चेपून फटी बंद करतात. थंडीत रबर कडक होतं, त्याची लवचीकता जाते, फट उघडी राहते आणि गॅस झिरपतो. रबराच्या या दोषाची सर्वांत मोठी किंमत जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी मोजली. त्या गारठलेल्या सकाळी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांतच नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. कारण रॉकेटच्या जोडातली ओ-रिंग. पुढे चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून तो लगेच मूळ आकारात येत नाही हे सर्वांना दाखवलं. थंड देशांतल्या गॅस पंपांसाठी म्हणून वेगळ्या घडणीचं, फार खालच्या तापमानालाही मऊ राहणारं रबर वापरतात.

तिसरा भाग पोलादाचा. साधं पोलाद एका ठरावीक तापमानाखाली गेलं की आघाताने वाकण्याऐवजी तडकतं. म्हणून अशा ठिकाणच्या नळ्या आणि टाक्या यांचं पोलाद खालच्या तापमानाला ठोकून, त्याची चिवटाई तपासूनच घेतात. वाहनातल्या सीएनजी सिलेंडरच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर उणे ४० ते अधिक ६५ अंशांपर्यंतचा वापर गृहीत धरलेला आहे. उन्हातल्या कोल्हापूरसाठी आणि हिमातल्या कॅल्गरीसाठी विचार एकाच मानकात केलेला आहे.

चौथा भाग निवाऱ्याचा. कॉम्प्रेसर आणि पंपाचं कपाट तिथे उबदार खोलीत बंदिस्त असतं. पण बंद खोली आणि ज्वालाग्राही वायू ही जोडी धोक्याची. मिथेन हवेच्या निम्म्याहून थोडाच अधिक जड असतो. गळला तर तो वर जातो आणि छताखाली साचतो. म्हणून गॅस ओळखणारे संवेदक छतापाशी बसवतात, वायुवीजनाची तोंडं छतातच ठेवतात आणि ठिणगी पडणार नाही अशाच बनावटीचे हीटर वापरतात. आपल्याकडे पंप उघड्यावर असतो, तिथला वारा हे काम फुकट करतो. थंड देशात ऊब हवी तर तेच काम यंत्रांकडून करून घ्यावं लागतं.

तुमच्या भाचीच्या गावातच याचं मोठं उदाहरण आहे. कॅल्गरीच्या शहर वाहतूक विभागाने २०१९मध्ये स्टोनी इथं सीएनजी बससाठी एक अवाढव्य आगार सुरू केलं. चारशेहून अधिक बस तिथे छताखाली उभ्या राहतात आणि गॅसही आतच भरला जातो. बस रात्रभर उबेत असल्याने सकाळी इंजिन सुरू व्हायला अडत नाही, नोझलच्या तोंडावर बर्फ बसत नाही आणि भरणाऱ्या माणसाचे हातही गारठत नाहीत. उघड्यावरच्या पंपांवर मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. वाहनाच्या भरणतोंडावरचं झाकण कायम लावलेलं हवं आणि नोझल जोडण्याआधी तिथलं हिम पुसून काढायला हवं. ओलं तोंड जोडलं तर ते तिथेच गोठून नोझल अडकतं. अडकलेलं नोझल सोडवायला आगीची ज्योत कधीही वापरत नाहीत.

थंडीत गॅस जास्त बसतो का?

बसतो, आणि म्हणूनच तिथला पंप तो जास्त बसू देत नाही. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडच्या वाहनांत सीएनजी २०० बारपर्यंत भरतात, पण मानकात हा आकडा १५ अंश तापमानासाठी दिलेला आहे. उत्तर अमेरिकेत तोच आकडा २१ अंशांना सुमारे २४८ बार असा धरतात. गॅस जितका गार, तितके त्याचे रेणू जवळजवळ, आणि तेवढ्याच दाबाला सिलेंडरात मावणारे किलो जास्त. कोल्हापुरात चाळीस अंशांच्या दुपारी २०० बारपर्यंत भरलेल्या सिलेंडरात १५ अंशांच्या मानाने दहा टक्क्यांहूनही अधिक कमी गॅस असतो. त्यात भरताना तापण्याचा परिणाम मिळवला की तूट आणखी वाढते.

आता उणे ४० अंशांची कल्पना करा. तिथे सिलेंडर २०० बारपर्यंत भरला आणि गाडी घराच्या उबदार गॅरेजमध्ये आणून लावली, तर काय होईल? वायूंच्या साध्या नियमाने पाहिलं तरी १५ अंशांना दाब २४७ बारवर जाईल. मिथेन तो साधा नियम काटेकोर पाळत नाही. त्याचा दाब प्रत्यक्षात याच्याही बराच वर चढेल. हा धोका टाळण्यासाठी तिथला पंप आधी बाहेरचं तापमान मोजतो आणि त्याप्रमाणे कितीवर थांबायचं हे ठरवतो. उणे ४० अंशांत तो २०० बारच्या बऱ्याच आधी भरणं बंद करतो. ग्राहकाला काटा अपुरा दिसतो, पण सिलेंडरात गेलेले किलो पूर्ण असतात. म्हणून तुमच्या स्टँडवरच्या वादाचा निकाल असा, की अतिथंड देशातला चांगला पंप दाबाचा आकडा गाठत नाही, गॅसचं योग्य वजन गाठतो.

कोल्हापुरातली पहाट आणि दुपार यांच्यातही हाच नियम लहान प्रमाणात लागू होतो. पहाटे भरला तर थोडा अधिक गॅस बसतो आणि एका भरणीत थोडे अधिक किलोमीटर मिळतात. पण त्या जास्तीच्या गॅसचे पैसे तुम्ही किलोने भरलेलेच असतात. त्यामुळे पहाटे भरल्याने खर्च वाचत नाही, फक्त रांगेतली फेरी कमी होते. कधी कधी पंपावर 'आज प्रेशर नाही' असं सांगतात, त्याचं कारण हवामान नसतं. कॅस्केडमधला साठा उतरलेला असतो आणि कॉम्प्रेसरला किंवा गॅस आणणाऱ्या गाडीला तो पुन्हा चढवायला वेळ लागतो.

उणे १६२ अंश महाराष्ट्रातही

थंडीशी टिकणारी यंत्रं फक्त कॅनडा-रशियात लागतात, अशीही एक समजूत आहे. तीही बाजूला ठेवायला हवी. कोकणातल्या दाभोळहून निघून सह्याद्री चढून बंगळुरूपर्यंत जाणारी गेल या कंपनीची मोठी वायुवाहिनी २०१३मध्ये सुरू झाली. दाभोळला जहाजातून जो गॅस उतरतो तो एलएनजी, म्हणजे उणे १६२ अंशांपर्यंत गार करून द्रवरूप केलेला मिथेन. असं केल्याने त्याचं आकारमान सहाशेपटीने घटतं, म्हणून तर तो समुद्रापार आणणं परवडतं. दाभोळला त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करतात आणि वाहिनीत सोडतात. या वाहिनीतून येणाऱ्या गॅसमधला काही भाग असा सायबेरियाच्या नीचांकाहूनही नव्वद अंश खालची थंडी सोसून आलेला असतो.

नागपुरात तर एलएनजी थेट वाहनात भरतात. जुलै २०२१मध्ये तिथं एलएनजीचं केंद्र सुरू झालं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात उणे १६२ अंशांचं इंधन सांभाळायचं, म्हणजे दुहेरी भिंतीची टाकी आणि मधल्या पोकळीतली हवा काढून टाकलेली. अशा टाक्यांसाठी निकेलचं प्रमाण अधिक असलेलं पोलाद लागतं, कारण साधं पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखं तडकतं. भरणाऱ्याला जाड हातमोजे आणि तोंडावर आडोसा घ्यावाच लागतो. त्या थंडीत उघड्या कातडीला भाजल्यासारखी इजा होते.

कोल्हापुरात आपण काय सांभाळायचं?

आपल्या गावात हवेतली थंडी सीएनजीला त्रास देत नाही. पण दाब उतरताना होणारी आतली थंडी गाडीतही असते, हे ध्यानात ठेवावं. सिलेंडरातला दोनशे बारचा गॅस इंजिनाकडे जाताना अगदी कमी दाबावर आणावा लागतो. हे काम रिड्यूसर करतो आणि तोही त्यामुळे गारठतो. मोटारींमध्ये त्याला इंजिनातल्या गरम कूलंटची ऊब दिलेली असते. म्हणूनच बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि कूलंट तापलं की गॅसवर येतात. कूलंट कमी झालं असेल तर रिड्यूसर गोठू लागतो आणि गाडी गॅसवर झटके देते. पावसाळ्यात आंबा घाट किंवा गगनबावडा चढताना असे झटके बसले, तर गॅस खराब आहे असं म्हणण्याआधी कूलंट पाहा.

नळी पांढरी झाली म्हणून घाबरू नका, पण त्या धातूला उघड्या हाताने धरूही नका. भरणतोंडावरचं झाकण हरवलं असेल तर नवं बसवून घ्या. ओलावा आणि धूळ तिथूनच आत जाते. 'अजून थोडं प्रेशर मारा' असा आग्रह पंपावर कुणी धरत असेल, तर त्याला थांबवा. दुपारी तापलेल्या सिलेंडरात पंप लवकर थांबतो, तो सुरक्षिततेसाठी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सिलेंडरच्या चाचणीची. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे वाहनातल्या सीएनजी सिलेंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. त्यात सिलेंडर पाण्याने भरून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब देऊन पाहतात. असे सिलेंडर आणि त्यांची चाचणी केंद्रं यांना मान्यता देणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. चाचणीची तारीख गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. तुम्ही आणि तुमचे प्रवासी दिवसभर त्या दोनशे बारजवळ बसून फिरता. शाळेची मुलंही त्याच रिक्षातून जातात. म्हणून स्टँडवरच्या सगळ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे : आज घरी गेल्यावर ती तारीख वाचा, आणि मुदत संपली असेल तर पुढची भरणी चाचणी झाल्यावरच करा.